तेल कोणाच्या भरवशावर?

माझा चुलत भाऊ रत्नागिरीजवळच्या खाडीत मासेमारी करतो. गेल्या पावसाळ्यानंतर त्याने फायबरच्या होडीसाठी जुनी ओबीएम घेतली. टू-स्ट्रोक, ४० हॉर्सपॉवर, तेलाची टाकी वेगळी आणि तेल ओढणारा पंप इंजिनावरच. विकणारा म्हणाला, "पंप आहे म्हणून तर एवढी किंमत." मिस्त्री म्हणाला, "पंप काढून टाका, पेट्रोलमध्ये हाताने तेल मिसळा आणि निवांत झोपा."

भाईने मला फोन लावला. "तू नवाबांचा, सुलतानांचा इतिहास लिहितोस. जरा या पंपाचाही काढ. समुद्रात मला जायचंय."

म्हणून हा लेख.

आधी प्रश्न असा की पेट्रोलमध्ये तेल लागतेच कशाला? मोटारीच्या इंजिनात तेल खाली साठलेले असते आणि तेच फिरत राहते. १८९१ मध्ये जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने टू-स्ट्रोक इंजिनाची जी रचना पेटंट केली, तीत हवा-पेट्रोलचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. क्रँककेस मिश्रणाच्या वाटेत आल्यावर तिथे तेल साठवणार कुठे? म्हणून तेल मिश्रणाबरोबरच आत जाते, बेअरिंग आणि पिस्टन ओले करते आणि शेवटी जळून धूर होते. प्रत्येक थेंब एकदाच वापरायचा.

नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत होडीची मोटर विकायला काढली, ती याच जातीची होती. दीड हॉर्सपॉवर आणि वजन सुमारे २८ किलो. पुढची कित्येक दशके नाविकाने डब्यात तेल ओतायचे, डबा हलवायचा आणि निघायचे, असाच रिवाज राहिला. आपल्याकडे बजाजच्या स्कूटरवर वाढलेल्या पिढीला हे सांगायला नको. पेट्रोल पंपावर "ऑइल टाकू का?" हा प्रश्न ठरलेलाच असे.

या रिवाजात एक मोठी सोय आहे. पेट्रोल आहे तोवर तेल आहे. तेल संपून इंजिन चालू राहील, असे होतच नाही. पण दोषही आहे. पन्नासला एक म्हणजे २० लिटर पेट्रोलला ४०० मिलिलिटर तेल. हे प्रमाण पूर्ण वेगासाठी ठरवलेले असते. जाळी ओढताना इंजिन मंद चालते तेव्हा एवढे तेल लागत नाही. मग धूर होतो, प्लग काळे पडतात. शिवाय माप चुकवणारा माणूसच असतो. पहाटेच्या अंधारात, हलत्या होडीत, कधी दुप्पट, तर कधी विसरूनच जातो.

हा दोष काढायचा प्रयत्न आधी रस्त्यावर झाला. १९६४ मध्ये यामाहाने वायए-६ या मोटरसायकलवर 'ऑटोल्युब' आणले. वेगळी टाकी आणि इंजिनाचा वेग व थ्रॉटल पाहून तेल देणारा पंप. आपल्याकडे राजदूत ३५० आणि आरएक्स १०० यांनी हीच सोय गावोगाव नेली. होडीच्या मोटरवर हे तंत्र १९८० मध्ये सुझुकीने आणले.

खरा वाद पेटला तो १९८४ च्या मॉडेलांपासून. जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणाऱ्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने 'व्हीआरओ' नावाचा पंप बसवला. पेट्रोल आणि तेल दोन्ही एकाच पंपाने ओढायचे, तेही क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर. मंद गतीत साधारण दीडशेला एक, पूर्ण वेगात पन्नासला एक. कल्पना हुशारीची होती. पण पेट्रोलच्या नळीत कुठे हवा शिरली की सगळा हिशोब बिघडे. इंजिने जाम झाली, मालक चिडले. अनेकांनी पंपाची तेलाची बाजू बंद केली आणि पुन्हा डबा हलवायला घेतला. पुढे कंपनीने पंप सुधारला, तेल येत नसल्याचा इशाराही जोडला. पण गेलेला भरवसा सहज परतला नाही. इथे न्यायही करायला हवा. खराब पेट्रोल, तुंबलेला कार्बोरेटर यांनीही इंजिन जाम होते. बदनामी मात्र सगळी पंपाच्या खात्यात गेली.

त्यानंतर निवडीचा मामलाच बदलला. १९९६ मध्ये अमेरिकेने होडीच्या मोटरींच्या धुरावर नियम केले आणि ते २००६ पर्यंत टप्प्याटप्प्याने लागू झाले. कंपन्यांनी पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायला सुरुवात केली. म्हणजे पेट्रोल क्रँककेसमधून जाणेच थांबले. अशा इंजिनात मिसळलेले तेल बेअरिंगपर्यंत पोहोचतच नाही. तिथे पंप हवाच. त्यामुळे "पंप काढा" हा सल्ला सर्रास देता येत नाही. आधी इंजिन कुठल्या जातीचे, ते पाहायचे.

भाईचे इंजिन जुन्या कार्बोरेटरचे, पंप क्रँकशाफ्टवर फिरणारा. मी त्याला दोन गोष्टी करायला सांगितल्या. पेट्रोलमध्ये पन्नासला एक तेल मिसळ, म्हणजे पंप खराब असला तरी इंजिन वाचेल. मग तेलाच्या टाकीवर पट्टी चिकटवून खूण कर आणि किनाऱ्याजवळ फेऱ्या मार. पातळी उतरते का ते बघ.

पातळी नीट उतरली. पंप ठणठणीत होता. मग दुसरी गोष्ट. तेल संपले की भोंगा वाजायला हवा. तो वाजतो का? तो वाजला नाही. मिस्त्रीने झाकण काढले तर भोंग्याची वायर कापलेली. आधीच्या मालकाला आवाजाचा त्रास होत असावा. टाकीतला तरंगता सेन्सरही मोडलेला निघाला.

मला या सगळ्या इतिहासाचे सार त्या कापलेल्या वायरीत दिसले. प्रमाण कोण अचूक देतो, यावर माणसे वर्षानुवर्षे भांडत राहिली. किनाऱ्यापासून आठ-दहा मैलांवर एकट्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो. तेल थांबले तर मला कळेल का? डब्यात मिसळले तर हा प्रश्न उरत नाही. पंप वापरायचा तर भोंगा चालू हवाच.

नवा सेन्सर येईपर्यंत भाई डब्यात मिसळतोय. ४०० मिलिलिटरची खूण केलेली बाटली पेट्रोलच्या डब्यालाच बांधून ठेवलीय. तेल मात्र पाण्याने थंड होणाऱ्या मोटरींसाठीचे, टीसी-डब्ल्यू-३ शिक्क्याचे, स्कूटरचे नाही. धुराची तक्रार तो रोज करतो. मी म्हणतो, भाई, धूर दिसतोय म्हणजे तेल जातंय.