एका पेनीची कादंबरी : लंडनच्या गल्लीतून पुण्याच्या पेठेत

१/ इंग्रजी साहित्याने भारताला काय दिले, असे विचारले की शेक्सपिअर, मिल्टन, स्कॉट ही नावे पुढे येतात. हे लेखक शिक्षणक्रमातून आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय वाचक ग्रंथालयांत ज्याची पुस्तके आवडीने मागत, तो लेखक मात्र निराळा होता : जॉर्ज रेनॉल्ड्स (१८१४–१८७९).

२/ १८४४ मध्ये त्याची ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ ही कादंबरी साप्ताहिक अंकांतून निघू लागली. आठ पाने, एक चित्र आणि किंमत एक पेनी. डिकन्सच्या कादंबरीच्या मासिक भागाला तेव्हा एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी पडत. साहजिकच कामगारवर्ग रेनॉल्ड्सकडे वळला.

३/ कथेत प्रेते उकरून विकणारा खलनायक होता, खून होते, उमरावांच्या महालांतील भानगडी होत्या. प्रतिष्ठितांनी या वाङ्मयाला हीन ठरवले. स्वतः डिकन्सलाही रेनॉल्ड्सविषयी तिटकारा होता.

४/ तथापि या भडकपणाच्या मुळाशी राजकीय संताप होता. एकाच शहरातील ऐश्वर्य आणि उपासमार रेनॉल्ड्स शेजारीशेजारी मांडत असे. मार्च १८४८ मध्ये ट्रॅफल्गार चौकात बंदी मोडून भरलेल्या सभेचे अध्यक्षपद त्याने स्वीकारले आणि कामगारांसाठी मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत तो उतरला. १८५० मध्ये त्याने काढलेले साप्ताहिक नावे बदलत १९६७ पर्यंत चालले.

५/ भारतात त्याच्या कादंबऱ्यांची अनेक भाषांत भाषांतरे व रूपांतरे झाली. राज्यकर्त्यांच्या राजधानीचे असे काळे अंतरंग कोणत्याही वर्गात शिकवले जात नव्हते.

६/ मराठीशी त्याचा संबंध थेट आहे. १८८५ मध्ये एकवीस वर्षांच्या हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी ‘पुणे वैभव’मधून क्रमशः येऊ लागली. तिला आधार रेनॉल्ड्सच्या कादंबरीचा होता, पण चित्र होते जुने सुटलेल्या आणि नवे न रुजलेल्या मराठी समाजाचे. पुढे १८९० मध्ये आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातूनच ‘पण लक्षात कोण घेतो!’ वाचकांपुढे आली.

७/ ब्रिटिश वाङ्मयेतिहासाने रेनॉल्ड्सला दीर्घकाळ अडगळीत टाकले. मराठी सामाजिक कादंबरीचा आरंभ समजून घेताना मात्र त्याला वगळता येत नाही. लोकांनी काय वाचावे, हे अभ्यासक्रमातून कळते. त्यांनी प्रत्यक्षात काय वाचले, हे शोधायचे तर ग्रंथालयांच्या जुन्या नोंदवह्याच उघडाव्या लागतात.