चांद्याच्या राजसमाध्या व आमची दफनभूमि

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं जिवंतांचा सन्मान होतो, तो योग्यच आहे. परंतु ज्यांच्या श्रद्धेवर हा धर्मग्राम उभा राहिला, त्यांतील पुष्कळ जण आज भूमीच्या पोटांत विसावले आहेत. म्हणून त्यांच्या विश्रामस्थानाविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें. आद्य ख्रिस्ती लोकांनीं आपल्या दफनभूमीस जें ग्रीक नांव दिलें, त्याचा अर्थ 'निजण्याची जागा' असा आहे. जो निजला तो उठावयाचाच, ही त्यांची श्रद्धा त्या नांवांत सांठविली आहे.

चंद्रपूर शहरांतील सर्वांत प्रसिद्ध मृतभूमि म्हणजे अचलेश्वराच्या देवळाजवळील गोंड राजांच्या समाध्या होत. त्यांत वीरशहाची समाधि विशेष भव्य आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं या राजाची हत्या झाली. राणी हिराई हिनें दत्तक पुत्र रामशहा याच्या नांवें राज्य चालविलें आणि पतीच्या स्मरणार्थ ही वास्तु उभारिली. पुढें १७५१ सालीं चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला, १८१८ सालीं इंग्रजी फौजेनें किल्ला घेतला, आणि १८५४ सालीं सारा मुलूख इंग्रजी अमलाखालीं आला. राज्यें आलीं व गेलीं, पण राणीनें बांधिलेली समाधि उभी आहे. आज तिचें जतन पुरातत्त्व खातें करितें.

राजास राणी होती व राणीपाशीं द्रव्य होतें. सामान्य मनुष्याचें काय? १९८२ सालीं चंद्रपुराहून निराळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, भामरागडच्या रानांत, माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करितात. त्यांवर अक्षर नसतें. कोणता दगड कोणाचा, हें गांवास ठाऊक असतें तोंवरच तो बोलतो.

गांवाची आठवण तुटली म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें असेल तर विदर्भांतील शिळावर्तुळांकडे पाहावें. तीं लोहयुगांतील थडगीं होत. उत्खननांत त्यांतून लोखंडी हत्यारें निघालीं, मडकीं निघालीं, घोड्यांचे अलंकारही निघाले. परंतु मृताचें एकही नांव निघालें नाहीं. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील अशींच वर्तुळें पाहून परतत असतां, पुरानें भरलेल्या नाल्यांत बुडून वारले. ते आमच्या ख्रिस्तसभेचे नव्हते. तथापि ज्या मृतांस कोणी विचारीत नव्हतें, त्यांचा शोध घेण्यास गेलेल्या या सज्जनाविषयीं आम्हांस आदर वाटतो.

आतां आपणांकडे वळूं. चांदा येथें सिरो-मलबार ख्रिस्तसभेचें स्वतंत्र धर्मक्षेत्र १९६२ सालीं स्थापन झालें व १९७७ सालीं तें धर्मप्रांत झालें. एवढ्या अल्प काळांतच आमच्या दफनभूमींतील कित्येक लांकडी क्रूस पावसानें कुजले, कित्येकांस वाळवी लागली. ज्यांचीं मुलें नोकरीनिमित्त परगांवीं गेलीं, त्यांच्या थडग्यांवर गवत माजलें आहे. दफनवहींत नांव सांपडतें, पण त्या नांवाची माती कोणती हें वही सांगत नाहीं. तें केवळ वृद्धांस ठाऊक आहे, आणि वृद्ध एकेक करून आम्हांस सोडून जात आहेत.

ख्रिस्तसभेनें १९६३ सालीं दहनाची मोकळीक दिली, तरी दफनाची जुनी चालच तिला अधिक प्रिय आहे. २०१६ सालीं रोमहून आलेल्या आदेशांत असें सांगितलें आहे कीं, मृताची रक्षा विखरूं नये, ती पवित्र स्थळीं ठेवावी. कारण तेणेंकरून मृत मनुष्य कुटुंबाच्या व समाजाच्या प्रार्थनेस अंतरत नाहीं. दफनभूमि राखण्याचें कारणही हेंच आहे.

म्हणून आमची सर्व कुटुंबांस विनंति आहे. ज्युबिलीचें वर्ष संपण्यापूर्वीं, रविवारच्या मिस्सेनंतर, घरांतील वृद्धांस हात धरून दफनभूमींत आणावें, आपल्या माणसांच्या जागा दाखवाव्या व त्या वहींत नोंदवाव्या. ज्यांचें कोणी उरलें नाहीं, त्यांच्या जागा शेजाऱ्यांनीं सांगाव्या. हिराईचें द्रव्य आम्हांपाशीं नाहीं, परंतु एक साधा दगड व त्यावर एक नांव एवढें आम्हांस खचित साधेल. प्रभु आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारितो. तीं नांवें आम्हींही विसरूं नयेत. त्यांस सार्वकालिक शांति लाभो.