ट्रेसर चाचणी, फ्रॅकिंग केलेल्या तेलविहिरींची

घट्ट खडकाची पार्यता (द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता) ०.१ मिलिडार्सीहूनही कमी असते. त्यातले तेल आपणहून विहिरीकडे फारसे येत नाही. म्हणून अमेरिकेतील नॉर्थ डकोटाच्या बाकेन स्तरात आडव्या विहिरी खणून, टप्प्याटप्प्याने प्रचंड दाबाखाली पाणी व वाळू सोडून खडकाला भेगा पाडतात; हेच फ्रॅकिंग. सुमारे तीन किलोमीटर खोलीवरच्या या भेगांपैकी कामाच्या कोणत्या, हे ट्रेसरवरून, म्हणजे माग काढण्यासाठी मिसळलेल्या खुणेच्या पदार्थावरून, ताडतात.

प्रत्येक टप्प्याच्या पाण्यात निराळे फ्लुओरोबेंझोइक आम्ल मिसळतात. ही आम्ले खडकाला फारशी चिकटत नाहीत आणि अब्जांश प्रमाणातही ओळखू येतात. विहिरीतून पाणी परतू लागले की ठरावीक वेळाने बाटल्या भरून प्रयोगशाळेत धाडतात आणि प्रत्येक आम्लाच्या प्रमाणाचा आलेख काढतात. एखाद्या टप्प्याचे आम्ल आलेच नाही, तर तिथली भेग मिटली असावी किंवा पाणी खडकातच अडकले असावे. नेमके काय, ते एकट्या आलेखावरून सांगू नये. शिवाय पाणी आले म्हणजे तेलही येईल असे नाही, त्यासाठी तेलात विरघळणारे ट्रेसर वेगळे घालावे लागतात. शेजारच्या विहिरीत ट्रेसर निघाला, तर दोन विहिरींचा संबंध जुळल्याचे कळते.

वाळूबरोबर इरिडियम-१९२ (अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस) सोडून गॅमा किरणांची नोंदही घेतात. तीत विहिरीलगतचाच भाग दिसतो, भेगेची लांबी नाही.