स्की लिफ्ट, केळ्यांचे घड आणि लाकडी बदकं

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या जेवणाच्या टेबलावर बर्फ पडला होता. लेकीच्या मामाने तिला लेगोचा 'स्नो रिसॉर्ट स्की लिफ्ट' हा संच दिला. फ्रेंड्स मालिकेतला, २०१७ सालचा, ५८५ तुकड्यांचा. आमच्याकडे दिवेलागणीआधी जेवणं उरकतात, त्यामुळे टेबल लवकर मोकळं होतं. बारीक तुकडे निवडून ठेवायला जुना मिसळणाचा डबा काढला आणि आम्ही मायलेकी बसलो. तीन संध्याकाळी लागल्या.

कसा आहे, हे आधी सांगते. बाकी सगळं ठीक, पण जीव आहे तो लिफ्टमध्ये. हाताने फिरवलं की खुर्च्या डोंगर चढू लागतात. बाहुल्यांचे दोन्ही पाय एकत्रच हलतात, त्यामुळे त्या स्की करणाऱ्या कमी आणि कवायतीला उभ्या राहिलेल्या जास्त वाटतात. लेकीला त्याचं काही नाही. तिने बर्फ पाहिलेला नाही, तिला खुर्च्या वर जाताना बघायच्या असतात. तिसऱ्या संध्याकाळी तिने विचारलं, "आई, हे पहिल्यांदा कुणी केलं?"

मला वाटलं लिफ्टबद्दल विचारतेय. ती गोष्ट मला माहीत होती आणि ती मजेची आहे.

अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना हिवाळ्यात गाड्यांना प्रवासी हवे होते. म्हणून रेल्वेने आयडाहोच्या डोंगरात सन व्हॅली नावाचं हिवाळी ठिकाण वसवलं. लोकांना डोंगरावर न्यायचं कसं, हे काम आलं जेम्स करन या इंजिनिअरकडे. करननी पूर्वी जहाजात केळ्यांचे घड चढवण्याच्या यंत्रणेवर काम केलं होतं. फिरत्या दोरावर आकडे असायचे आणि आकड्याला घड. त्यांनी आकडा काढून तिथे खुर्ची लावली! ओमाहामध्ये चाचणी घेतली, तीही बर्फाविना. ट्रकच्या बाजूला खुर्ची टांगली आणि पायांत रोलर स्केट्स घातलेल्या माणसाला तिने उचलायचं. १९३६ च्या डिसेंबरात सन व्हॅली सुरू झालं आणि जगातली पहिली चेअरलिफ्ट चालू झाली. आपण रोज ज्याची शिकरण करतो, त्या फळाने माणसाला डोंगरावर बसून जायला शिकवलं.

त्याच्या कितीतरी आधी स्की करायची तर डोंगर पायी चढावा लागे. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातले सोंद्रे नॉरहाइम हे गरीब शेतकरी आधुनिक स्कीइंगचे जनक मानले जातात. त्यांनी पिळलेल्या फांद्यांची बांधणी टाचेमागून घेतली, त्यामुळे उडी मारली तरी पट्टी पायातून सुटेना. १८६८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते आजच्या ऑस्लोला जाऊन स्पर्धा गाजवून आले. या बांधणीला इंग्रजीत बाइंडिंग म्हणतात. शब्द लक्षात ठेवा.

पण लेक लिफ्टबद्दल विचारत नव्हतीच. तिने हातातली वीट पुढे केली. "हे गं, हे."

आता इथे मला जरा थांबावं लागलं.

लेगो डेन्मार्कच्या बिलुंड गावातलं. डेन्मार्कमधला सगळ्यात उंच नैसर्गिक माथा १७१ मीटरही भरत नाही, आपलं कळसूबाई १६४६ मीटर. तिथले सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन मंदीत १९३२ साली लाकडी खेळणी करू लागले. त्यांची एक गोष्ट सांगितली जाते. मुलगा गॉडफ्रेड याने लाकडी बदकांना तीनऐवजी दोनच हात व्हार्निश दिलं, माल स्टेशनवर पोचवला आणि किती पैसे वाचवले ते वडिलांना कौतुकाने सांगितलं. वडिलांनी त्याला सगळी बदकं परत आणायला लावली, तिसरा हात द्यायला लावला आणि ते सगळं एकट्याने करायला लावलं. मी ही गोष्ट लेकीला अनेकदा सांगितली आहे.

जी सांगितली नव्हती, ती हिलरी फिशर पेज यांची. हे इंग्रज गृहस्थ, त्यांची कंपनी किडिक्राफ्ट. बालवाड्यांत बसून मुलं कशी खेळतात ते पाहायचे आणि मग खेळणं घडवायचे. डोक्यावर गोल उंचवटे असलेली, एकमेकांवर बसणारी प्लास्टिकची वीट त्यांनी बनवली आणि तिचं पेटंट घेतलं. महायुद्धानंतर बिलुंडच्या सुताराने प्लास्टिकचं यंत्र घेतलं. त्याच सुमारास पेज यांच्या विटांचे नमुने त्यांच्या हाती आले. कोपरे सरळ केले, इंचाचं माप मेट्रिकमध्ये आणलं, उंचवट्यांचे माथे सपाट केले आणि १९४९ मध्ये वीट बाजारात आणली. नाव, 'ऑटोमॅटिक बाइंडिंग ब्रिक्स'. पेज यांचे हक्क डेन्मार्कमध्ये नोंदलेले नव्हते, त्यामुळे कायद्याने अडवायला कुणी नव्हतं. पेज १९५७ मध्ये वारले. डेन्मार्कमधल्या या विटांचा त्यांना पत्ताही नव्हता.

लेगोच्या बाजूनेही सांगायला हवं. ती पहिली वीट आतून पोकळ होती, बांधलेलं घर उचललं की निसटायचं. आतल्या नळ्या ही गॉडफ्रेड यांची भर. २८ जानेवारी १९५८ ला त्यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यानंतर दीड महिन्यात ओले कर्क गेले. त्या नळ्यांमुळेच आमच्या टेबलावरचा डोंगर उचलून कपाटावर ठेवता येतो आणि १९५८ ची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. पेज यांच्या विटेचे हक्क कंपनीने रीतसर विकत घेतले, पण १९८१ साली.

व्हार्निशच्या एका हातासाठी पोराला स्टेशनवर परत पाठवणारा बाप आणि ही वीट करणारा माणूस एकच. मला ते दोघे अजून एकत्र बसवता येत नाहीत.

संच घ्यावा का, असं कुणी विचारलं तर घ्या म्हणेन. दांडा फिरवायला मोठ्यांनाही आवडतं.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पैसे दिले ना त्यांनी शेवटी?"

"दिले."

"पेजना?"

"नाही, ते तोवर नव्हते."

ती काही बोलली नाही. बराच वेळ रिकाम्या खुर्च्या वर नेत राहिली, खाली आणत राहिली.