गीतमालेच्या पायदानांची साक्ष

१९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे डॉ. केसकरांकडे आली. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांचे धोरण आणि निर्मात्यांशी झालेला वाद यांमुळे आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. ती पोकळी रेडिओ सिलोनने भरून काढली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींच्या आवाजात कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि बुधवारी रात्री कोलंबोहून लघुलहरींवर भारतभर ऐकू येई. आरंभी ती गाण्यांचा योग्य क्रम लावण्याची बक्षिसाची स्पर्धा होती. पहिल्याच भागाला सुमारे नऊ हजार पत्रे आली, आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेल्याचे सांगितले जाते. दोनएक वर्षांत स्पर्धा मागे पडली आणि मुख्यतः रेकॉर्डच्या विक्रीवरून ठरणाऱ्या लोकप्रियतेनुसार गाणी चढत्या-उतरत्या पायदानांवर मांडणारी साप्ताहिक हिट परेड सुरू झाली.

अशा क्रमवारीचे मोल कशात आहे? पहिले गाणे दुसऱ्यापेक्षा चांगले होते, हे ती सिद्ध करत नाही. एका विशिष्ट काळी, विशिष्ट पद्धतीने विचारल्यावर लोकांनी काय निवडले, याची नोंद मात्र ती ठेवते. सरकारी नभोवाणी लोकांनी काय ऐकावे हे ठरवत होती. लोक काय ऐकतात, हे गीतमालेने दर आठवड्याला नोंदवले. १९५३च्या वार्षिक यादीत ‘अनारकली’चे, १९५४च्या यादीत ‘टॅक्सी ड्रायव्हर’चे आणि १९५५च्या यादीत ‘श्री ४२०’चे गाणे अग्रस्थानी होते. त्या दशकाची आवड जाणून घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाला समीक्षकांच्या लेखांपेक्षा या याद्या अधिक थेट पुरावा देतात. १९५७ मध्ये आकाशवाणीलाही चित्रपटगीते ऐकवणारी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली, यावरूनही या गीतांची मागणी केवढी खरी होती हे कळते.

यावर पहिला आक्षेप खपाचा: जास्त विकले गेले म्हणजे उत्तम ठरत नाही. हे मान्यच करायला हवे. म्हणून अशा यादीला गुणवत्तेचा निवाडा समजू नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रेकॉर्ड विकत घेणे सगळ्यांना परवडत नसे, आणि आपले गाणे वर चढावे म्हणून आकडे फुगवण्याचा मोह ज्यांचा पैसा त्यात गुंतला होता त्यांना होणारच. पण गीतमालेने एकाच मापावर विसंबणे टाळले. दुकानांतल्या विक्रीच्या जोडीला गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही धरली जाऊ लागली. त्यामुळे दोष पुसले गेले नाहीत, तरी एका मापातली खोट दुसऱ्याने पकडण्याची सोय झाली.

जाणकारांच्या याद्याही गुणवत्तेचा निवाडा नसून त्या काळच्या निवडीची नोंदच असतात. १९५२ मध्येच ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने समीक्षकांना सर्वोत्तम चित्रपट विचारले. ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला आला. ‘सिटिझन केन’ पहिल्या दहांतही नव्हता. १९६२ मध्ये तो पहिला आला आणि २००२ पर्यंत अढळ राहिला. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ने त्याला मागे टाकले. २०२२ मध्ये मतदारांचे वर्तुळ बरेच रुंदावल्यावर शांताल आकरमान यांचा ‘जान दीलमान’ शिखरावर पोहोचला. या सत्तर वर्षांत ‘सिटिझन केन’ तोच राहिला. बदलले ते बघणारे आणि मत देणारे. दर दहा वर्षांनी तोच प्रश्न विचारला गेला, म्हणूनच हा बदल मोजता आला.

आज वर्षअखेरीस ‘सर्वोत्तम’ याद्यांचा पूर येतो, आणि त्यांतल्या कित्येकांवर कोणी, कोणत्या निकषांवर निवड केली याचा उल्लेखही नसतो. अशी यादी चार दिवसांत विरते. मत कोणाचे, माप कोणते आणि वर्ष कोणते, एवढे स्पष्ट लिहिलेली यादी मात्र चुकीची ठरली तरी पुढच्या पिढीला उपयोगी पडते; कारण त्या चुकीतूनही तो काळ काय मोलाचे मानत होता, हे समजते.