परसांतील फळझाडें आणि वैशाखाचें पाणी

अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटीचें नांव २०२३ सालच्या मराठा आरक्षण आंदोलनामुळें महाराष्ट्राच्या घरोघरीं पोहोंचलें. आम्हांस येथें त्या टापूकडे वेगळ्या दृष्टीनें पाहावयाचें आहे. गोदावरीच्या उत्तरेकडील ही जमीन, भाजून काढणारें ऊन आणि बेभरंवशाचा पाऊस यांत परसांतील कोणतें फळझाड टिकावें, याचें उत्तर तेथील इतिहासानेंच दिलें आहे.

आपल्या परसांतील झाडांचीं कुळें शोधूं गेल्यास मौज वाटते. बोर आणि जांभूळ हीं इकडचींच. पेरू, पपई व सीताफळ यांचें मूळ घर अमेरिका. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर तीं आलीं असें सामान्यतः मानतात. सीताफळास आपण सीतेचें नांव देऊन इतकें आपलेंसें केलें कीं, त्याच्या परदेशी जन्माची शंकाहि कोणास येत नाहीं! मोसंबीनें मात्र आफ्रिकेंतील मोझांबिकची खूण आपल्या नांवांत अजून जपली आहे.

हीच मोसंबी जालना जिल्ह्याचें वैभव झाली. २०१६ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु त्यापूर्वी अवघीं तीन वर्षें, २०१२-१३ च्या दुष्काळांत, याच जिल्ह्यांत बागाच्या बागा वाळल्या होत्या. टँकरचें पाणी विकत घेऊन झाडें जगविणाऱ्यांनीं अखेर स्वतःच त्यांवर कुऱ्हाड चालविली. मोसंबी फळावर येण्यास चार-पांच वर्षें लागतात. एका उन्हाळ्यानें तीं सारीं नेलीं.

दोष मोसंबीचा नव्हे. ती सदाहरित, तिचें पान वैशाखांतहि जागें असतें आणि पाणी मागतें. त्यांत अंबे बहार धरिला, म्हणजे माघ-फाल्गुनांतील फुलांचें फळ ऐन उन्हाळ्यांत पोसणें आलें. बोर आणि सीताफळ हीं त्याच दिवसांत पानें गाळून निजतात व पावसाच्या सुमारास उठतात. आमच्या मतें झाडाची निवड करतांना चव आणि आकार यांच्या आधीं विचार व्हावा तो याच गोष्टीचा.

म्हणून झाड लावणाऱ्यानें आपल्या विहिरीचें पाणी वैशाखांत पाहावें, श्रावणांत नव्हे. तें भरंवशाचें नसेल तर सीताफळ किंवा कलमी बोर लावावें. थोडें अधिक असेल तर पेरू. पुण्याच्या गणेशखिंड बागेंत १९२७ सालीं डॉ. चीमा यांनीं निवडलेला, पुढें ‘सरदार’ म्हणून गाजलेला वाण घरासाठीं उत्तम.

मोसंबीच हवी असेल, तर भय केवळ तहानेचें नाहीं. काळ्या जमिनींत पाणी साचतें आणि बुंध्यास पाणी लागलें कीं डिंक्या रोगानें साल कुजते. यासाठीं कलमाचा सांधा जमिनीपासून वीतभर वर ठेवावा, बुंध्याशीं मातीचा उंचवटा करावा आणि पाण्याचें आळें त्याच्या बाहेर घ्यावें. पावसाळ्यापूर्वी बुंध्यास बोर्डो मलम लावावें: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. या औषधाची कथा गमतीची आहे. फ्रान्समधील बोर्डोकडचे मळेवाले रस्त्याकडेच्या द्राक्षांस कोणीं हात लावूं नये म्हणून त्यांवर मोरचूद व चुना शिंपीत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाहीं, हें मिलार्डे या शास्त्रज्ञानें हेरलें आणि १८८५ सालीं तो उपाय प्रसिद्ध केला. परसांतील एक-दोन झाडांस वरील प्रमाणाचा दहावा हिस्सा पुरे होतो. मात्र तो लोखंडी भांड्यांत कालवूं नये, मातीचें अथवा प्लास्टिकचें भांडें घ्यावें.