स्वीडिश चित्रपट आणि मराठी प्रेक्षक

स्वीडनमधील कलात्मक चित्रपटांची परंपरा मूकपटांच्या काळापासूनची. मराठी प्रेक्षक मात्र ती मुख्यतः इंगमार बर्गमन (१९१८–२००७) या एकाच नावाने ओळखतो. याचे श्रेय बरेचसे पुण्याला जाते. १९६४ मध्ये तेथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी खटपटी करून बर्गमनचे चित्रपट संग्रहात आणले आणि फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या ते पाहत घडल्या. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी स्थापन झाली. असे सिनेमे एरवी थिएटरला लागत नसत, त्यामुळे फिल्म सोसायटीचे सभासद होणे हाच राजमार्ग होता.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावाहून हा मार्ग फारच लांबचा होता. मोबाइलवर सिनेमा येऊ लागल्यावर ते अंतर उरले नाही. आता अडचण एवढीच, की सुरुवात कुठून करावी.

बर्गमनचा ‘द सेव्हन्थ सील’ (१९५७) प्रसिद्ध आहे तो मृत्यूशी बुद्धिबळ खेळणाऱ्या सरदारामुळे. पण पहिल्या ओळखीला त्याच वर्षीचा ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ बरा. एक म्हातारा डॉक्टर मानद पदवी घ्यायला सुनेबरोबर मोटारीने निघतो आणि वाटेत सारे आयुष्य आठवत जातो. ही भूमिका व्हिक्टर शेस्ट्रम यांची. ‘द फँटम कॅरेज’ (१९२१) हा अजरामर मूकपट दिग्दर्शित करणारे ते हेच. म्हणजे एका चित्रपटात दोन पिढ्यांची भेट होते. ‘पर्सोना’ (१९६६) मागाहून पाहावा. त्याने सुरुवात करणारे बहुधा तिथेच थांबतात.

भारताशी असलेले धागे फारसे कुणी सांगत नाही. १९४६ च्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार अनेक चित्रपटांना विभागून दिला गेला. त्यांत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ होता, तसाच आल्फ शोबर्ग यांचा ‘टॉर्मेंट’ही. त्याची पटकथा तरुण बर्गमनची! पुढे स्वीडिश दिग्दर्शक आर्ने सुक्सडॉर्फ यांनी गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये ‘द फ्लूट अँड द ॲरो’ (१९५७) चित्रित केला. त्यात मुरिया गोंडांचे जगणे आहे, चेंदरू हा मुलगा आहे आणि संगीत पंडित रविशंकर यांचे. विदर्भातल्या प्रेक्षकाला हा बर्गमनपेक्षा जवळचा वाटावा.

बर्गमननंतरच्यांत रॉय अँडरसन वेगळेच. ‘साँग्ज फ्रॉम द सेकंड फ्लोअर’ (२०००) मध्ये कॅमेरा जवळजवळ हलतच नाही. फिकट चेहऱ्यांची माणसे चौकटीत उभी राहतात आणि हसू येते, तेही जरा ओशाळवाणे. त्यांच्या पुढच्या एका चित्रपटाला २०१४ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. रुबेन ऑस्टलुंड यांनी कानचा पाम द’ओर दोनदा पटकावला : ‘द स्क्वेअर’ (२०१७) आणि ‘ट्रँगल ऑफ सॅडनेस’ (२०२२). तरी त्यांचा ‘फोर्स मज्यूर’ (२०१४) अधिक बांधेसूद : हिमलोट अंगावर येताना बाप बायकामुलांना टाकून पळतो, लोट अलीकडेच थांबतो आणि नंतर सगळ्यांना एकाच टेबलावर जेवायला बसावे लागते.